जुने फोटो, नवे चेहरे

आपल्याकडे कोणत्याही घरात पाऊल टाकले की पाहुण्याची नजर प्रथम भिंतीकडे जाते. देवादिकांच्या तसबिरी, शेजारी एखादी दिनदर्शिका, आणि त्यांच्या ओळीतच थोडेसे पुढे झुकवून टांगलेले घरातील गेलेल्या माणसांचे फोटो. फोटोला चंदनाचा किंवा प्लॅस्टिकच्या फुलांचा हार असतो, काचेवर कपाळाच्या जागी कुंकवाचे बोट उमटलेले असते. आपण जेवतो, भांडतो, अभ्यास करतो ते सारे त्यांच्या नजरेखाली. तरीही हे फोटो आले कोठून, ते काढले कोणी, मोठे केले कोणी, आणि मोठे करताना त्यांत काय घातले व काय काढून टाकले, हा प्रश्न सहसा आपल्या मनात येत नाही. थोर पुरुषांच्या पुतळ्यांवरून आणि चित्रांवरून आपल्याकडे वाद होतात. पण भिंतीवरच्या आजोबांच्या अंगावरचा कोट त्यांचा स्वतःचा होता काय, असे घरात कोणी विचारीत नाही.

मला वाटते, विचारले पाहिजे. जुन्या फोटोंची डागडुजी ही एक कला आहे, आणि आज तो गावोगाव चालणारा धंदाही आहे. ह्या कलेबद्दल माझ्या मनात आदर आहे. परंतु डागडुजीच्या नावाखाली चेहराच बदलून टाकण्याची जी चाल पडली आहे, तिच्याविषयी आपण थोडे थांबून विचार करावा, एवढ्यासाठी हा लेख. विशेषतः ज्यांच्या घरात कागदपत्रे थोडी आणि फोटो त्याहूनही थोडे, अशा घरांतून जे प्रथमच कॉलेजात आले आहेत, त्यांच्याशी मला बोलायचे आहे. आमच्या वर्गात असे अनेकजण आहेत, आणि मी त्यांपैकीच एक आहे.

प्रथम फोटो खराब का होतो ते पाहू. जुना कृष्णधवल फोटो म्हणजे कागदावर जिलेटिनचा पातळ थर आणि त्या थरात अडकलेले चांदीचे अतिसूक्ष्म कण. फोटो पक्का करण्यासाठी तो 'हायपो'च्या द्रावणात बुडवितात आणि मग भरपूर पाण्याने धुतात. घाईत धुणे कमी पडले तर राहिलेला हायपो वर्षानुवर्षे चांदीवर परिणाम करीत राहतो आणि फोटो पिवळा पडत जातो. जिलेटिन हे जनावरांच्या हाडाकातड्यापासून बनते, म्हणून बुरशीला आणि कसरीला ते आवडते. पावसाळ्यात हाच थर ओल शोषून फुगतो आणि फ्रेमच्या काचेला चिकटून बसतो. असा फोटो ओढून काढण्याचा प्रयत्न केला की चेहरा काचेवर आणि कोरा कागद हातात, अशी गत होते. रंगीत फोटोंची तऱ्हा आणखी निराळी. त्यांत चांदी उरत नाही, रंगद्रव्ये असतात, आणि ही रंगद्रव्ये सारख्या वेगाने विटत नाहीत. १९७० ते १९८० च्या सुमाराच्या अनेक फोटोंमधील निळसर रंग पेटीतल्या अंधारातसुद्धा विरून जातो. आपल्या आईवडिलांच्या किंवा काकामावशींच्या लग्नाच्या अल्बममधील सारे वऱ्हाड तांबूस दिसते त्याचे कारण हे.

ह्या दुखण्यांवर इलाज करणाऱ्या जुन्या कारागिरांचे काम ऐकले की मन थक्क होते. आमच्या तालुक्याच्या गावी एक वयोवृद्ध स्टुडिओवाले काका आहेत. त्यांनी मला डार्करूममधली सारी कृती समजावून सांगितली. फाटका फोटो सपाट मांडून दोन बाजूंनी तिरपा उजेड टाकायचा व कॅमेऱ्याने त्याची नवी निगेटिव्ह तयार करायची. मग मागून उजेड येणाऱ्या उतरत्या मेजावर ती निगेटिव्ह ठेवून टोकदार पेन्सिलीने तिच्यावर काम करायचे. निगेटिव्हमध्ये सावली पारदर्शक असते. त्यामुळे सुरकुतीच्या रेघेत शिसे भरले की छापील फोटोत सुरकुती नाहीशी होते. उलट एखादी जागा गडद हवी असेल तर पात्याने निगेटिव्ह हलकेच खरवडायची. कागदावर फोटो उतरल्यावर राहिलेले पांढरे ठिपके दोनचार केसांच्या कुंचल्याने भरायचे. गिऱ्हाइकाला रंगीत फोटो हवा असेल तर कृष्णधवल फोटोवरच पातळ रंगांचे हात द्यायचे. गालावर गुलाबी, ओठांवर लाल, लुगड्याच्या काठाला सोनेरी. एका चेहऱ्यापायी दोन दोन दिवस जात. हात चुकला तर सारे पहिल्यापासून.

पुढे काळ बदलला. १९९० साली 'फोटोशॉप' बाजारात आले आणि मेजाची व पेन्सिलीची जागा हळूहळू संगणकाने घेतली. शेजारचा चांगला भाग उचलून फाटलेल्या जागी ठेवणे सोपे झाले. २००२ च्या आवृत्तीत तर आजूबाजूचा पोत आणि उजेड जुळवून डाग आपोआप भरणारा कुंचलाच मिळाला. काका ह्या बदलाला नावे ठेवीत नाहीत. ते म्हणाले, "पोरी, डोळे गेले असते माझे. संगणकाने वाचवले." पण पुढे ते जे बोलले ते माझ्या मनात घर करून राहिले. ते म्हणाले, "पहिल्यांदा लोक फोटो दुरुस्त करायला आणायचे. आता माणूस दुरुस्त करायला आणतात."

ह्या धंद्याचे गणित समजून घेतल्याशिवाय त्या बोलण्याचा अर्थ कळणार नाही. प्रत्येकाच्या हातात मोबाइल आल्यापासून लहान गावातल्या स्टुडिओला फोटो काढण्याचे काम फारसे उरलेले नाही. उरले आहे ते पासपोर्ट आकाराच्या फोटोंचे, लग्नसराईचे, आणि माणूस गेल्यानंतरचे. घरात मृत्यू झाला की दहाव्या-तेराव्याच्या आत मोठा फोटो हवा असतो. घरातले कोणीतरी रडवेल्या चेहऱ्याने आधारकार्ड, बँकेचे पासबुक, नाहीतर लग्नातला एखादा गटफोटो घेऊन दुकानात येते. त्या फोटोत माणूस कोपऱ्यात असतो, अर्धा दुसऱ्याच्या खांद्याआड असतो, डोळे मिटलेले असतात. वेळ तर नसतो. म्हणून दुकानदाराच्या संगणकात तयार धडे असतात: काळा कोट व टाय, पांढरा सदरा व टोपी, फेटा, आणि बायकांसाठी जरीकाठाच्या साड्या. त्यावर चेहरा बसवायचा, कातडी उजळ करायची, मागे निळे आकाश किंवा विठ्ठलाची मूर्ती ठेवायची की काम झाले. हे सर्व काही शे रुपयांत आणि संध्याकाळपर्यंत. दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही. गिऱ्हाईक मागते ते तो देतो, आणि दुःखात असलेल्या घराची नड भागवतो.

कोणी म्हणेल, फोटोत फेरफार आजच होतात असे थोडेच आहे? ते अगदी खरे आहे. फोटोग्राफीचा शोध जगापुढे आला १८३९ साली, आणि १८५४ मध्ये 'बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी' स्थापन झालीसुद्धा. डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातले एक नामवंत छायाचित्रकार. त्याच सुमारास विल्यम जॉन्सन ह्या मुंबईतल्या छायाचित्रकाराने मुंबईतील निरनिराळ्या जातिजमातींच्या लोकांचे फोटो काढून दोन खंडांचे पुस्तक लंडनला छापले, पहिला खंड १८६३ साली आणि दुसरा १८६६ साली. त्यातील गंमत अशी की माणसांचे फोटो एकीकडे काढलेले, मागचे देखावे दुसरीकडे काढलेले, आणि दोन्ही जोडून एक चित्र केलेले! म्हणजे माणूस उचलून दुसऱ्याच जागी उभा करण्याची कला ह्या शहरात दीडशे वर्षांहून जुनी आहे.

पण ह्याच इतिहासात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. जॉन्सनच्या पुस्तकात काय, किंवा १८६८ ते १८७५ ह्या काळात सरकारने आठ खंडांत प्रसिद्ध केलेल्या 'द पीपल ऑफ इंडिया' ह्या ग्रंथात काय, गरीब माणसाचा फोटो निघाला तो नमुना म्हणून. खाली जात लिहिली, धंदा लिहिला. बहुतेकांचे नाव लिहिण्याची गरज कोणाला वाटली नाही. स्वतःच्या इच्छेने, स्वतःचे पैसे मोजून, हवे ते कपडे घालून कॅमेऱ्यासमोर बसण्याची संधी सामान्य माणसाला मिळाली ती फार पुढे, गावोगावच्या स्टुडिओंमुळे. त्या स्टुडिओत खुंटीला एक कोट टांगलेला असे, मेजावर कागदी फुलांचा गुच्छ असे, आणि मागे रंगवलेला जिना किंवा बाग. शेतावरून आलेला माणूस तो कोट चढवी, हात ताठ करून खुर्चीत बसे, आणि पंधरा दिवसांनी फोटो घेऊन जाई.

ह्या खुंटीवरच्या कोटाला मी खोटे म्हणत नाही. तो कोट त्या माणसाने आपल्या हाताने घातला होता. बाह्या आखूड झाल्या असतील, खांदे ढगळ झाले असतील; पण "मला जगाने असे पाहावे" ही त्याची इच्छा त्या फोटोत उमटली आहे, आणि ती इच्छा हासुद्धा इतिहासच आहे. मेल्यानंतर संगणकाने घातलेल्या कोटाचे तसे नाही. त्यात त्या माणसाची इच्छा कोठेच नाही. असलीच तर आपली इच्छा आहे, आणि खरे बोलायचे तर पुष्कळदा आपली लाज आहे. आजोबांचे फाटके बंडीचे टोक, आजीच्या गळ्यातले नुसते काळे मणी, रापलेली कातडी, हे आपल्याला पाहुण्यांसमोर नको असते.

इथे मला घरातली एक गोष्ट सांगावी लागेल. १९९३ पासून मतदारांना फोटो असलेली ओळखपत्रे देण्याचे काम सुरू झाले. आमच्यासारख्या कितीतरी घरांत बायकांचा आयुष्यातला पहिला फोटो म्हणजे हे ओळखपत्र. माझ्या आजीचाही एवढाच फोटो होता, पोस्टाच्या तिकिटाएवढा. मी तीन वर्षांची असताना ती गेली. वडिलांनी तो फोटो एका स्टुडिओत देऊन मोठा करून आणला. त्यात आजीच्या अंगावर हिरवी जरीची साडी आहे, गळ्यात ठुशी आहे, रंग गव्हाळ आहे आणि कपाळ स्वच्छ आहे. हीच माझी आजी, असे मी बारा-तेरा वर्षे समजत होते. एकदा तिची धाकटी बहीण, आमची मावशीआजी, पुष्कळ वर्षांनी घरी आली आणि भिंतीकडे पाहून वडिलांना म्हणाली, "आरं, ही कोन म्हनायची? आक्काच्या कपाळाला तर गोंदल्यालं हुतं." वडील गप्प बसले. मग म्हणाले, "मावशी, आयुष्यभर ठिगळाचं लुगडं नेसली ती. फोटोत तरी धड नेसू दे की."

वडिलांच्या ह्या उत्तराला माझ्याकडे सोपे प्रत्युत्तर नाही. ज्याने आईला ठिगळाच्या लुगड्यात राबताना पाहिले, त्याला तिला एकदा तरी जरीत पाहावेसे वाटले तर त्याला खोटेपणा कोण म्हणेल? ते प्रेमच आहे. एवढेच नव्हे, तर आमच्या भागात कितीतरी नवराबायकोंचा एकत्र फोटो कधी निघालेलाच नसतो. दोन निरनिराळे फोटो जोडून स्टुडिओवाला त्यांना शेजारी बसवितो. जन्मभर संगतीने राबलेली ती दोघे कागदावर पहिल्यांदा एकत्र येतात. असा जोडफोटो पाहून कोणाचे डोळे पाणावत नाहीत?

तरीही मावशीआजीचा प्रश्न मला सोडीत नाही. वडिलांच्या डोळ्यांत आजीचा खरा चेहरा होता. जरीच्या साडीआड त्यांना लुगडे दिसत होते, स्वच्छ कपाळावर गोंदण दिसत होते. बदललेल्या फोटोने त्यांचे काहीच हिरावले नाही. हिरावले ते माझे. मी आजीला पाहिलेले मला आठवत नाही. माझ्या डोळ्यांत मूळ चेहराच नाही. जो फोटो वडिलांसाठी दागिना होता तो माझ्यासाठी एकमेव पुरावा होता, आणि त्या पुराव्यातून आजी निघून गेली होती. फोटोत फेरफार करणारे लोक नेहमी आठवण असलेले लोक असतात. किंमत मोजतात ती नंतर जन्मणारी माणसे, आणि त्यांना विचारायला तर कोणी थांबलेले नसते. माझ्या मते ह्या साऱ्या प्रश्नाचे मर्म इथे आहे.

कपाळावरचे गोंदण ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. कोणत्या जमातीत कोणते चिन्ह गोंदतात, ते कोणत्या वयात गोंदवले जाई, ह्यावर अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले आहे. तीच गोष्ट देवीच्या व्रणांची. देवी हा रोग भारतातून १९७५ साली गेला आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने तो साऱ्या जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. आपल्या पणजोबांच्या गालावरचे खड्डे म्हणजे ह्या रोगाच्या तडाख्यातून एक माणूस वाचला, त्याची घरातली साक्ष होय. रिटचिंग करणारा पहिला हात मारतो तो नेमका ह्या खड्ड्यांवर. इतिहासाच्या तासाला आपण साथीच्या रोगांवर टिपणे काढतो, आणि घरी त्याच इतिहासाची खूण पैसे देऊन पुसून घेतो!

हल्ली तर माणसाच्या हाताचीही गरज उरलेली नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने मोबाइलवर मिळतात आणि अंधुक फोटो क्षणात लख्ख करून देतात. हे कसे होते ते समजून घेण्यासारखे आहे. अंधुक फोटोत पापण्या नसतातच. त्या यंत्र आणणार कोठून? त्याने आधी पाहिलेल्या हजारो चेहऱ्यांवरून ते अंदाज करते आणि पापण्या नव्याने रचते. २०२१ साली पुढे आलेल्या व खूप वापरल्या गेलेल्या 'जीएफपी-गॅन' ह्या साधनाला शिकविण्यासाठी ७०,००० चेहऱ्यांचा एक संच वापरला होता, आणि ते चेहरे 'फ्लिकर' ह्या संकेतस्थळावरून गोळा केलेले होते. आता विचार करा, संकेतस्थळावर हौसेने चढविलेल्या त्या फोटोंत गोंदलेल्या कपाळाची, नथ घातलेली, उन्हात रापलेली साठीची शेतमजूर बाई कितीदा आली असेल? जे यंत्राने पाहिलेले नाही ते त्याला डाग वाटण्याचा संभव मोठा. जुन्या कारागिराने गोंदण पुसले तर निदान ते पुसले हे त्याला ठाऊक असे. यंत्राला काही पुसल्याचे ठाऊकही नसते. त्याच वर्षी, फेब्रुवारी २०२१ मध्ये, 'मायहेरिटेज' ह्या कंपनीने जुन्या फोटोतील चेहरे हलते करून दाखविणारी सोय आणली. गेलेली माणसे पापण्या मिटू लागली, मान वळवून हसू लागली. पाहणाऱ्यांना गहिवरून आले, ते स्वाभाविकच होते. पण ते हसू त्या माणसाचे नव्हते. दुसऱ्याच कोणाच्या हालचाली त्या चेहऱ्यावर चढविलेल्या होत्या.

रंग भरण्याचेही असेच. जुन्या काळच्या पुष्कळशा फिल्मना तांबडा रंग जाणवत नसे. म्हणून त्या फोटोंत लाल कुंकू काळे दिसते आणि सावळी कातडी होती त्याहून काळी दिसते. आज यंत्र किंवा माणूस त्यात रंग भरतो तेव्हा तो अंदाज करीत असतो, आणि अंदाज बहुधा आपल्या आवडीकडे झुकतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे बहुतेक फोटो कृष्णधवल आहेत, पण आज आपल्या मनात त्यांचा सूट निळाच असतो. त्या निळ्याला चळवळीचा अर्थ आहे, तो लोकांनी समजून उमजून दिलेला आहे, म्हणून तेथे फसवणूक नाही. आजीच्या कातडीवर चढविलेल्या गव्हाळ रंगाला असा कोणता अर्थ आहे? गोरेपणाचे वेड एवढाच. जाहिरातींतून ते वेड आपल्या माथी मारले जाते, अशी तक्रार आपण वादविवाद स्पर्धेत करतो. मग मेलेल्या माणसालाही त्यातून का सोडू नये?

काहीजण असेही म्हणतील की, घरातल्या एका फोटोचे एवढे काय? रशियात स्टालिनच्या शेजारी कालव्याच्या काठी उभा असलेला येझोव्ह हा अधिकारी १९४० साली मृत्युदंड झाल्यावर फोटोतूनच नाहीसा करण्यात आला. असल्या फेरफारांना खोटेपणा म्हणा, आजीच्या साडीला कशाला? दोहोंत फरक आहे हे मला मान्य आहे. तेथे सत्तेचा धाक होता, इथे माया आहे. पण घरातही सत्ता असतेच. पळून जाऊन लग्न केलेल्या मुलीचा चेहरा गटफोटोतून कात्रीने कापलेला अनेकांनी पाहिला असेल. माहेरी परत आलेल्या बाईच्या लग्नाचा अल्बम जाळलेला ऐकला असेल. पूर्वी कात्रीचा चौकोनी भोसका राहत असे आणि "इथे कोण होते?" असा प्रश्न एखादे लहान मूल विचारी. आता संगणक तो भोसका इतका सफाईने भरतो की विचारायलाही जागा राहत नाही. शिवाय राजेमहाराजांचे, पुढाऱ्यांचे फोटो शंभर ठिकाणी असतात. एक बदलला तर दुसऱ्यावरून चूक पकडता येते. आमच्या घरांत एकच असतो. तो बदलला की माणूस बदलला.

मग करावे काय? डागडुजी बंद करा असे मी मुळीच म्हणत नाही. उलट ती आणखी व्हावी आणि आधी व्हावी. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली भागात आणि जुलै २०२१ मध्ये महाड-चिपळूण येथे पुराचे पाणी घराघरांत शिरले, तेव्हा धान्याबरोबर अल्बमही चिखलात गेले. भिजलेले फोटो एकमेकांना चिकटून सुकण्यापूर्वी स्वच्छ पाण्यात अलगद सोडवून, हलके धुऊन, सावलीत वेगवेगळे सुकवले तर त्यांतले पुष्कळ वाचू शकतात. पण हे कोणी सांगितलेले नसल्यामुळे लोक ते फेकून देतात. जपानमध्ये २०११ च्या त्सुनामीनंतर 'फुजीफिल्म' कंपनीने आणि हजारो स्वयंसेवकांनी चिखलातून गोळा केलेले फोटो धुऊन ज्यांचे त्यांना परत देण्याची मोहीमच चालविली होती. घर वाहून गेलेल्या माणसाला एक फोटो परत मिळणे म्हणजे काय, हे त्यांना कळले होते.

माझे म्हणणे एवढेच की, डागडुजी करताना चार पथ्ये पाळावीत. पहिले, फोटोला हात लावण्यापूर्वी आहे त्या स्थितीत त्याची प्रत काढून ठेवावी. काचेला चिकटला असेल तर काचेसकट काढावी. दुसरे, जे फाटून गेले ते भरावे, पण जे शिल्लक आहे ते बदलू नये. कागदावरची बुरशी काढावी, गालावरचा व्रण ठेवावा. तिसरे, बदल करायचाच असेल, साडी नेसवायचीच असेल, तर खुशाल नेसवावी. पण मागच्या बाजूला "साडी व दागिने नंतर घातलेले" असे लिहून ठेवावे. चौथे, मूळ फोटो दुकानातून परत आणावा आणि जपावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत किंवा चिकट पानांच्या अल्बममध्ये नको. साध्या कागदी पाकिटात, कोरड्या कपाटात ठेवावा. मागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव आणि साल लिहावे. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो, म्हणून ते टाळावे. स्टुडिओवाल्यांनीही गिऱ्हाइकाला एक शब्द विचारावा: "हे गोंदण ठेवू ना?" पुष्कळजण ठेवा म्हणतील. आजवर कोणी विचारलेलेच नाही.

आणि ह्यात आपले कॉलेजही थोडेसे करू शकेल. राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दर हिवाळ्यात कोणत्या ना कोणत्या गावात जाते. आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो, ते चांगलेच आहे. त्याच सात दिवसांत गावातील घराघरांतले जुने फोटो मोबाइलवर नीट उतरवून घेता येतील आणि घरातल्या वडीलधाऱ्या माणसाजवळ बसून प्रत्येक चेहऱ्याचे नाव लिहून घेता येईल. अनुषा यादव ह्यांनी २०१० साली सुरू केलेल्या 'इंडियन मेमरी प्रोजेक्ट'मध्ये लोकांचे कौटुंबिक फोटो त्यांच्या हकिकतींसह गोळा झाले आहेत. तेवढे मोठे काम आपल्याला जमणार नाही. पण एका तालुक्याचे जमेल. इतिहास विभागाच्या कपाटात अशी एक वही असेल तर पुढच्या मुलांना आपल्या आज्यापणज्यांना नमुना म्हणून नव्हे, नावाने ओळखता येईल. घाई करणे मात्र जरूर आहे, कारण चेहरा ओळखून "आक्काच्या कपाळाला गोंदल्यालं हुतं" असे सांगणारी माणसे आता थोडीच उरली आहेत.

आपल्या वार्षिक अंकात दरवर्षी गटफोटो छापले जातात. विद्यार्थी मंडळ, कबड्डीचा संघ, वक्तृत्व स्पर्धेतील विजेते. प्रत्येक फोटोखाली बारीक टाइपात छापलेले असते: बसलेले डावीकडून, उभे डावीकडून. आपले नाव बरोबर आहे ना, हे पाहण्यासाठी आपण अंक हातात पडताच प्रथम तीच ओळ शोधतो, आणि एखादे अक्षर चुकले तर संपादकांकडे तक्रार घेऊन जातो. घरातल्या भिंतीवरच्या माणसांना तक्रार करता येत नाही. त्यांची ती ओळ आपणच लिहायची आहे.